सांडपाण्यावर जंबुपार किरणांचा उपाय

न्हाणीघराची मोरी परसांत काढावयाची आणि तिच्या तोंडाशीं अळूचा वाफा व दोनचार केळी लावावयाच्या, ही जुन्या घरांची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. आतां शहरांतून परसें उरलीं नाहींत. चौथ्या मजल्यावरील कुटुंबाचें स्नानाचें पाणी थेट गटारांत जातें, आणि टंचाईच्या दिवसांत जें पाणी पहांटे उठून भरून ठेवावें लागतें, तेंच शौचकूपांत ओतावें लागतें. भुयारी गटारें असलेल्या शहरांसाठीं आपल्या देशांत माणशीं रोज १३५ लिटर पाणी धरतात. प्रचलित हिशेबाप्रमाणें त्यांतील ५५ लिटर स्नानास, २० कपडे धुण्यास व ३० शौचकूपास लागतात; पिण्यास व स्वयंपाकास मिळून अवघे १०! म्हणजे आठ माणसांच्या एकत्र कुटुंबांतून स्नानाचें व धुण्याचें ६०० लिटर पाणी रोज वाहून जातें, आणि शौचकूपास २४० लिटर चांगलें पाणी खर्ची पडतें. पहिल्यानें दुसऱ्याची गरज भागवितां येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

हें पाणी शौचकूपाच्या मैल्याहून निराळें असतें खरें; परंतु तें निरुपद्रवी समजणें योग्य नव्हे. त्यांत साबण, तेल, केस व कपड्यांचे तंतु असतात. तान्ह्या मुलाचीं दुपटीं धुतलेल्या पाण्यांत आंतड्यांतील जंतूही येतात. एक दिवस सांठवून ठेवलें कीं त्यास दुर्गंधी सुटूं लागते. स्वयंपाकघरांतील खरकटें व तेलकट पाणी तर याहून त्रासदायक. म्हणून तें वेगळेंच ठेवणें बरें.

अशा पाण्यांतील जंतूंचा नाश करण्यास जंबुपार किरणांचा, ज्यांस अलीकडे अतिनील किरण म्हणतात त्यांचा, चांगला उपयोग होतो. जांभळ्या रंगापलीकडील या अदृश्य किरणांचा शोध योहान विल्हेल्म रिटर या शास्त्रज्ञानें जर्मनींत १८०१ सालीं लाविला. सूर्यप्रकाश जंतूंस मारक असतो हें १८७७ सालीं डाऊन्स व ब्लंट या संशोधकांनीं इंग्लंडांत दाखविलें, आणि १९१० सालीं फ्रान्सांतील मार्सेय येथें पाण्याच्या शुद्धीकरणाकडे या किरणांची योजना झाली. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांतून २५४ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें चार हजाराव्या भागाएवढ्या, लांबीच्या लहरी निघतात. जंतूच्या पेशींतील डी. एन. ए. हें द्रव्य त्या शोषून घेतें, त्याचे दुवे भलतीकडेच जुळतात आणि जंतूची वाढ खुंटते. पाण्यांत औषध घालावें लागत नाहीं, आणि क्लोरिनला सहसा दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा रोगजंतूही या किरणांपुढें टिकत नाहीं.

मात्र येथेंच एक गैरसमज होतो. दिव्यानें जंतु मरतात. साबण, तेल किंवा क्षार नाहींसे होत नाहींत. शिवाय पाणी गढूळ असल्यास मळाच्या कणांआड जंतु दडून राहतात व किरण त्यांच्यापर्यंत पोंचतच नाहींत. म्हणून प्रथम गाळणें, मग निवळविणें, त्यानंतर उपकारक जंतूंकडून साबण व सेंद्रिय मळ पचवून घेणें, आणि सर्वांच्या शेवटीं दिवा, हा क्रम मोडून चालत नाहीं.

किरणांकडूनच मळ मोडून घ्यावयाचा तर त्यांस सोबती द्यावा लागतो. हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळलेल्या पाण्यावर हे किरण सोडले, कीं हायड्रॉक्सिल नांवाचे जहाल व क्षणजीवी मूलक उत्पन्न होतात आणि ते सेंद्रिय द्रव्यांस तोडतात. टिटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीच्या पृष्ठभागावरही असेंच घडतें. या विषयास फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांच्या १९७२ सालच्या संशोधनानें मोठी चालना मिळाली. परंतु साबणानें भरलेल्या पाण्यावर हा उपाय महागाचा पडतो. जें काम जंतु फुकट करतात त्यासाठीं वीज कां जाळावी?

बर्लिन शहरांत १९८९ सालीं सुमारें ७० रहिवाशांच्या एका इमारतीसाठीं असाच क्रम योजण्यांत आला. स्नानाचें व हात धुण्याचें पाणी फिरत्या चकत्यांवर वाढणाऱ्या जंतूंकडून शुद्ध होई, मग जंबुपार दिव्याजवळून जाई व शौचकूपाच्या टांक्यांत पोंचे. आपल्याकडे नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें युनिसेफच्या सहकार्यानें ग्रामीण शाळांतील अशा पाण्याच्या पुनरुपयोगाविषयीं २००७ सालीं एक मार्गदर्शिका काढली आहे.

घरीं ही योजना करूं इच्छिणारांनीं कांहीं पथ्यें पाळलींच पाहिजेत. हें पाणी शौचकूपापुरतें, फार तर झाडांपुरतें वापरावें. पिण्यास, स्वयंपाकास वा मुलांच्या स्नानास तें कधींही घेऊं नये. त्याचे नळ निराळ्या रंगाचे असावेत व पिण्याच्या नळास कोठेंही जोडलेले नसावेत. किरणांचा परिणाम पाण्यांत मागें उरत नाहीं, म्हणून तें फार काळ सांठवूं नये. दिवा साधारण वर्षभर अखंड जळला कीं त्याचें जंबुपार तेज घटतें, डोळ्यांस मात्र तो पूर्वीसारखाच दिसतो. तेव्हां तो नेमानें बदलावा व त्यावरील क्वार्ट्झची नळी स्वच्छ ठेवावी. उघड्या दिव्याकडे पाहूं नये. त्यानें डोळ्यांस व कातडीस इजा होते.

यंत्र विकणारा निघून गेल्यावर हें सारें सांभाळणार कोण, याचा विचार खरेदीपूर्वीं झाला पाहिजे. एकत्र कुटुंबांत असलीं कामें न बोलतां घरांतील स्त्रियांवर पडतात, आणि चूक झाल्यास दुखणें येतें तें बहुधा घरांतील लहानांस. म्हणून दिवा बदलण्याची तारीख लिहून ठेवणारा, गाळणी स्वतःच्या हातानें धुणारा एक जबाबदार माणूस घरांतील पुरुषांनीं आपल्यांतून नेमावा. तो मिळाला तर वाहून जाणाऱ्या पाण्याचें चीज होईल. न मिळाला तर दिवा घेऊंच नये, कारण नितळ दिसणाऱ्या पाण्यावर फुकाचा विश्वास ठेवण्यापेक्षां गढूळ पाण्याची भीति बाळगणें केव्हांही श्रेयस्कर.