आकाशातला आकडा, गडावरची बाटली

निलंग्यात पाऊस लागला की सोयाबीन आणि तूर हवेतला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने ओढून घेऊ लागतात. नेमक्या त्याच दिवसांत आभाळ भरलेले असते, आणि हा वायू मोजणाऱ्या उपग्रहाला ढगांखालचे काही दिसत नाही. गेल्या तीन दशकांतल्या मोजणीकडे मागे वळून पाहताना मला हीच अडचण सगळ्यात मोठी वाटते.

आपल्याकडची जुनी नोंद गोव्याची. काब द रामच्या समुद्रकड्यावर १९९३ मध्ये हवा बाटल्यांत भरायला सुरुवात झाली. बाटल्या तपासणीसाठी ऑस्ट्रेलियाला जात. २००२ नंतर ही नोंद तुटली, ती २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली वर्षे कायमची हुकली; गेलेली हवा आता कुणालाच मोजता येणार नाही.

२००९ हे वर्षच कलाटणीचे. जानेवारीत जपानचा ‘गोसॅट’ कक्षेत गेला. फेब्रुवारीत अमेरिकेचा ‘ओसीओ’ उड्डाणातच गमावला. त्याच्या जागी ‘ओसीओ-२’ जायला जुलै २०१४ उजाडले. आणि नोव्हेंबर २००९ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. योगेश तिवारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम उपग्रहाच्या बातम्यांइतके गाजले नाही. माझ्या मते त्याचे मोल तितकेच आहे.

कारण उपग्रह वायू थेट मोजत नाही. जमिनीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशातला कोणता भाग वायूने शोषला, त्यावरून तो जमिनीपासून वरपर्यंतच्या संपूर्ण हवेची सरासरी काढतो. धूळ, धूर, विरळ ढग यांनी हा हिशेब चुकतो. बाटलीत मात्र एका जागची, एका वेळची हवा असते. म्हणून दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवून भागत नाही. ही फट सांधायला सूर्याकडे रोखलेली जमिनीवरची यंत्रे लागतात. तीही हवेचा संपूर्ण स्तंभच मोजतात. त्यांचे जागतिक जाळे २००४ पासून उभे राहिले. त्या जाळ्याशी पडताळल्यावर गोसॅटचे सुरुवातीचे आकडे दशलक्षात सुमारे ९ भागांनी कमी निघाले. हवेतले प्रमाण वर्षाला दोन-अडीच भागांनी वाढते, हे लक्षात घेतले की चूक केवढी होती ते कळते. पुढे गणनपद्धती सुधारली आणि ही चूक दीड भागाच्या आसपास आली. जमिनीवरची यंत्रे नसती, तर ती सापडलीच नसती.

निलंगा सिंहगडाच्या जवळपास त्याच अक्षांशावर, तीनशेहून थोडे अधिक किलोमीटर पूर्वेला आहे. पण सह्याद्रीच्या माथ्यावरची हवा मांजरा-तेरणेच्या काळ्या रानाची साक्ष पुरती देऊ शकत नाही. पावसाळ्यात उपग्रह आंधळा असतो, तेव्हा इथल्या पिकांनी किती कार्बन घेतला याचे उत्तर जमिनीवरच शोधावे लागेल. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाने आणि लातूर परिसरातल्या महाविद्यालयांनी पुण्याच्या संस्थेला सोबत घेऊन हे काम हाती घ्यावे, आणि एकदा सुरू केलेली नोंद एकही खरीप चुकू न देता चालवावी.