आईवडिलांसाठी वृद्धाश्रमाची निवड

हैदराबाद येथील नारायणगुडा भागात न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था स्थापन झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, तरी अनेक मराठी कुटुंबे त्या शहरातच राहिली. मराठवाड्यातून नोकरीसाठी तेथे जाणाऱ्या मुलांपुढे गावाकडील वृद्ध आईवडिलांच्या निवासाचा प्रश्न उभा राहतो.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. 'नर्सिंग होम' अशी पाटी असते ते बहुधा लहान खाजगी रुग्णालय होय. उपचार संपताच तेथून घरी परतावे लागते. कायम निवासाची सोय वृद्धाश्रमात असते. तथापि, अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीस प्रत्येक वृद्धाश्रम ठेवून घेतोच असे नाही. म्हणून पुढे चालणेफिरणे थांबल्यास काय व्यवस्था होईल, हे प्रवेशापूर्वीच विचारावे.

रात्री परिचारिका असते काय, डॉक्टर केव्हा येतात, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, स्नानगृहात आधाराचे कठडे आहेत काय, हे प्रत्यक्ष पाहावे. मासिक खर्च व अनामत रकमेच्या परतीच्या अटी लेखी घ्याव्यात. भाषेचा विचारही तितकाच महत्त्वाचा. खेड्यात आयुष्य गेलेल्या मातेस तेलुगू येत नसेल, तर रात्री छातीत दुखू लागल्यास ती कोणास व कसे सांगणार? तिचे बोलणे समजणारी एक तरी व्यक्ती तेथे असावी.

ज्यांना राहावयाचे आहे, त्यांची संमती सर्वप्रथम घ्यावी. शक्य असल्यास काही दिवस राहून पाहण्याची संधी त्यांना द्यावी.

या निमित्ताने घर वा शेत घाईने मुलांच्या नावे करू नये. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली केंद्रीय कायदा झाला. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, कलम २३ अन्वये परत मिळविता येते. मात्र ही अट दस्तऐवजात स्पष्ट नमूद असावी. निर्वाहासाठी आईवडिलांना स्वतःच्या जिल्ह्यात अथवा मुले राहतात त्या जिल्ह्यात न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मुलगा परराज्यात असल्याने हा हक्क संपत नाही.

ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या दूरध्वनी सेवेचा आरंभ २०१७ साली हैदराबादेतच झाला. आता ती देशव्यापी आहे. ग्रामसेवक व शिक्षक यांनी हा क्रमांक गावातील वृद्धांपर्यंत पोहोचवावा.