कोणता बॉन्ड खरा?

आमच्या कन्हानला रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर एक चहाची टपरी आहे. रामटेकच्या गाडीची वाट पाहणारे प्रवासी, पहिल्या पाळीवरून परतणारे खाणकामगार आणि माझ्यासारखे कॉलेजात जाणारे विद्यार्थी तेथे नेहमी भेटतात. राजकारण आणि क्रिकेट यांवर तेथे वाद होतात हे सांगायला नकोच. परंतु गेली दोन वर्षे एक तिसराच विषय तेथे ठाण मांडून बसला आहे. तो विषय म्हणजे जेम्स बॉन्ड, ब्रिटिश गुप्तहेर क्रमांक ००७!

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात हा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की, गेल्या स्नेहसंमेलनात चित्रपटविषयक एका वादविवादात एका वक्त्याने ठासून सांगितले, "ज्यांनी बॉन्ड हिंदीत डब केलेला पाहिला, त्यांनी बॉन्डविषयी बोलूच नये!" सभागृह हसले. मीही हसलो. वास्तविक मी तोवर पाहिलेला प्रत्येक बॉन्डपट हिंदीतच पाहिलेला होता. घरी परतताना मला त्या वक्त्याचा राग आला नाही. स्वतःच्या हसण्याची मात्र लाज वाटली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे.

प्रथम थोडी माहिती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या हेरखात्यात काम केलेल्या इयान फ्लेमिंग यांची पहिली बॉन्ड कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाचे नाव त्यांनी आपल्या नायकाला दिले. १९६२ साली 'डॉ. नो' हा पहिला चित्रपट आला, आणि २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत या मुख्य मालिकेत २५ चित्रपट झाले. शॉन कॉनरी, जॉर्ज लॅझनबी, रॉजर मूर, टिमोथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन आणि डॅनियल क्रेग अशा सहा नटांनी ती भूमिका केली. संख्येवरूनही वाद आहेच! कॉनरी यांचा १९८३ चा 'नेव्हर से नेव्हर अगेन' दुसऱ्याच निर्मात्यांचा असल्यामुळे कट्टर चाहते तो जमेस धरत नाहीत. इतरांचे म्हणणे असे की, कॉनरी पडद्यावर असताना कागदपत्रे कोण पाहतो?

आता मूळ वादाकडे वळू. तो ऐकताना मला असे आढळले की, लोक उत्तरांवर भांडतात, पण प्रत्येकाच्या मनातला निकष वेगळा असतो आणि तो कोणी उघड सांगत नाही.

पहिला निकष नटाचा. आमच्या घरात तीन पिढ्यांचे तीन बॉन्ड आहेत. आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नागपूरला जाऊन मूर पाहिला. बाबांनी केबलवर ब्रॉस्ननचा 'गोल्डनआय' पाहिला. ते ट्रक चालवतात, त्यामुळे त्यातील रणगाडा शहराच्या रस्त्यांवरून धावतो तो प्रसंग त्यांना तोंडपाठ आहे. मी मोबाइलवर क्रेग पाहिला. तिघांनाही आपापला बॉन्ड सर्वश्रेष्ठ वाटतो. ज्याला जो बॉन्ड कोवळ्या वयात भेटला, तोच त्याला खरा वाटतो. अर्थात हे प्रेम झाले, परीक्षण नव्हे. परंतु पुष्कळदा आपण प्रेमालाच परीक्षण समजून वाद घालत असतो.

दुसरा निकष करामतीचा. एका पक्षाला अद्भुत यंत्रे हवीत. दुसऱ्याला रक्त निघणारा, चुकणारा माणूस हवा. गंमत अशी की, मालिकेचे निर्मातेही या दोन टोकांमध्ये झोके घेत आले आहेत. १९७९ च्या 'मूनरेकर'मध्ये बॉन्ड थेट अंतराळात गेला. लगेच १९८१ च्या 'फॉर युवर आइज ओन्ली'मध्ये त्याची अद्ययावत मोटार सुरुवातीलाच उडवून दिली गेली आणि त्याला एका लहानशा सित्रोएन गाडीतून पळ काढावा लागला. २००२ च्या 'डाय अनदर डे'मध्ये मोटार अदृश्य होऊ लागली; त्यानंतर २००६ च्या 'कॅसिनो रोयाल'मध्ये यंत्रे पुरवणारा क्यूच वगळण्यात आला आणि बॉन्ड पायी धावू लागला. म्हणजे दोन्ही पक्ष आळीपाळीने जिंकतात. एकाच टोकाला राहिली असती तर ही मालिका साठ वर्षे चालली असती का, याची मला शंका आहे.

तिसरा निकष टपरीवर क्वचितच निघतो. तो माझ्या धाकट्या बहिणीने घरी काढला. 'ऑक्टोपसी' (१९८३) आम्ही मोठ्या कौतुकाने पाहायला बसलो होतो. उदयपूरचे तलाव, ऑटोरिक्षांचा पाठलाग, आपले कबीर बेदी आणि टेनिसपटू विजय अमृतराज! परंतु त्यात भारत म्हणजे तलवार गिळणारे, खिळ्यांवर निजणारे आणि निखाऱ्यांवर चालणारे लोक. बॉन्ड भारतीय सहकाऱ्याच्या हाती नोटा देतो आणि वर 'करी'वरून विनोद करतो. बहीण म्हणाली, "दादा, तो आपल्याले हसून राह्यला, अन् आपण त्याच्यासंगं हसून राह्यलो!" यावर मला उत्तर सुचले नाही. स्त्रियांना या मालिकेने दिलेल्या वागणुकीबद्दलही ती असेच बोलली. १९९५ पासून जुडी डेंच यांनी साकारलेली वरिष्ठ अधिकारी बॉन्डला त्याच्या या वृत्तीबद्दल तोंडावर सुनावते. म्हणजे निर्मात्यांनाही ही टीका उशिरा का होईना ऐकू गेली असावी.

येथे आपल्या मुंबईच्या हेराची आठवण येणे साहजिक आहे. तेलुगूतील 'गूढचारी ११६' वरून रविकांत नगाइच यांनी १९६७ साली 'फर्ज' काढला आणि त्यात जितेंद्र एजंट ११६ गोपाळ झाला. १९७३ च्या 'कीमत'मध्ये तोच गोपाळ धर्मेंद्रने केला आणि १९८२ च्या 'रक्षा'मध्ये पुन्हा जितेंद्रने. तिकडे कॉनरी गेला, लॅझनबी आला आणि १९७१ साली कॉनरी परत आला. तसाच हा प्रकार! टपरीवर एकजण म्हणतो की ही निव्वळ नक्कल. नक्कल आहेच, परंतु बॉन्डपटात गाणे बहुधा नामावलीवर वाजून संपते, तर गोपाळला स्वतः नाचावे लागते. हेराने नाचू नये हा इंग्रजी निकष झाला. आमच्या टॉकीजमधील प्रेक्षकाने तो मान्य केलेला नव्हता.

आता त्या वक्त्याच्या आक्षेपाकडे येतो. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. त्या प्रसंगानंतर मी कॉनरीचा 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) मूळ इंग्रजीत पाहिला. खाली येणारी इंग्रजी वाक्ये थांबवून, शब्दकोश उघडून, तीन रात्री लागल्या. कॉनरीच्या आवाजातील ती संथ, खोचक धार हिंदी डबिंगमध्ये पार हरवते, हे मला मान्य करावे लागले. परंतु त्याच चित्रपटात आगगाडीतील एक प्रसंग आहे. सज्जन इंग्रजाचे सोंग घेतलेला मारेकरी माशाबरोबर तांबडी वाइन मागवतो, आणि यावरूनच आपण त्याला ओळखायला हवे होते असे बॉन्डला नंतर वाटते. शब्द सगळे समजले तरी मला त्यातले काही उमगले नाही. माशाबरोबर पांढरी वाइन घ्यावी हा त्यांचा शिष्टाचार. आमच्याकडे कन्हान नदीचा मासा भातासोबत खातात! तात्पर्य, केवळ भाषा आली म्हणजे चित्रपट पूर्ण समजला असे होत नाही. प्रत्येक प्रेक्षकाचे काही ना काही निसटतेच.

आणि प्रत्येकाला दुसऱ्याला न दिसलेले काही दिसतेही. हे मला आबाजींनी शिकवले.

'अ व्ह्यू टू अ किल' (१९८५) हा चित्रपट जाणकारांच्या यादीत बहुधा तळाशी असतो. मूर तेव्हा ५७ वर्षांचे होते. ते थकलेले दिसतात, असे सर्वजण म्हणतात. मीही एकदा घरी तसेच म्हणालो. आबाजी चौथी शिकलेले, आयुष्य भूमिगत कोळसा खाणीत गेलेले. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नाही आणि तो चित्रपट त्यांनी इंग्रजीतच पाहिला होता. ते म्हणाले, "असंन तो बुढा. पण खाणीत पाणी कसं घुसते अन् माणसं कशी पळतेत, थे म्या त्या पिच्चरमंदी पाह्यलं. अन् मालक वरून गोळ्या घालते, हासते. त्या राती मले झोप नाई आली, बाबू."

त्या चित्रपटातील खलनायक खरोखरच आपल्याच खाणीत पाणी सोडतो आणि आपल्याच कामगारांवर हसत गोळ्या झाडतो. मी तो प्रसंग दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा पुढे बॉन्ड काय करतो इकडेच माझे लक्ष होते. आबाजी खाणीत नव्याने लागले होते तेव्हा, २७ डिसेंबर १९७५ रोजी, धनबादजवळील चासनाला येथे खाणीत पाणी घुसून साडेतीनशेहून अधिक कामगार दगावले होते. पुढे १९७९ च्या 'काला पत्थर'ची कथा त्याच दुर्घटनेवरून घेतली गेली. ती बातमी मनात ठेवून दुसऱ्या दिवशी पाळीवर उतरलेला माणूस त्या पडद्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहत असेल? विशेष म्हणजे खुद्द रॉजर मूर यांनीही त्या चित्रपटातील या गोळीबाराविषयी पुढे नापसंती व्यक्त केली होती. प्रत्यक्ष बॉन्ड आणि आमचे आबाजी यांना एकच प्रसंग खटकला. तो समजायला आबाजींना इंग्रजीची गरज पडली नाही.

यावरून तो चित्रपट श्रेष्ठ ठरतो असा माझा दावा नाही. आबाजीही तसे म्हणत नाहीत; त्यांचा आवडता बॉन्डपट 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७) हाच आहे, कारण त्यातली मोटार पाण्याखाली जाऊन पुन्हा किनाऱ्यावर येते. माझे म्हणणे एवढेच की, वाद घालताना आपला निकष आधी सांगावा. "मूर वाईट" असे म्हणण्याऐवजी "वयाच्या दृष्टीने मूर पटत नाही" असे म्हटले, तर समोरच्याला "परंतु खाणीचा प्रसंग पाहा" असे म्हणायला जागा राहते. अशा वादातून दोघेही काहीतरी घेऊन उठतात. निकष लपवून ठेवला की मग आवाज चढतो, आणि शेवटी ज्याचे इंग्रजी चांगले तो जिंकतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. येथे आल्यावर प्रथम असे वाटले की, घरी जे पाहिले-ऐकले ते दाराबाहेर ठेवूनच वर्गात बसायचे असते. आता तसे वाटत नाही. मूळ भाषा शिकायची, मूळ चित्रपट पाहायचा, हे खरेच. त्या तीन रात्री वाया गेल्या नाहीत. पण आबाजींनी पाहिलेला चित्रपटही चित्रपटच होता.

असो. फेब्रुवारी २०२५ मध्ये या मालिकेची सूत्रे तिच्या मूळ निर्मात्या घराण्याकडून अमेझॉनच्या हाती गेल्याचे जाहीर झाले. आता पुढचा बॉन्ड जो कोणी असेल, तो पिढीगणिक नवे भांडण घेऊनच येईल. आमच्या वाङ्मय मंडळाला माझी नम्र विनंती आहे की, पुढील स्नेहसंमेलनात याच विषयावर वादविवाद स्पर्धा ठेवावी. डबिंगवाल्यांच्या बाजूने बोलायला मी माझे नाव आजच देऊन ठेवतो.