जुन्या संगणकाची पाठवणी

अब्बांचा 286 संगणक माळ्यावर होता, म्हणूनच जुलै 2021 च्या पुरात तो वाचला. चिपळूणच्या आमच्या घरात खालचे कपाट, धान्य, पुस्तके सारे वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेले. अब्बांनी याच यंत्रावर दुकानाचा हिशेब ठेवला होता आणि आम्हा भावंडांना टंकलेखन शिकवले होते. त्यांच्या इंतकालानंतर आम्ही ठरवले, की ही अमानत पुण्याला आपांकडे पाठवावी.

पण धाडस होईना. मागे एकदा दुरुस्तीला पाठवताना याचा एक मॉनिटर वाटेत फुटला होता. दोष गाडीवाल्याचा नव्हता. आम्हीच तो चादरीत गुंडाळून मोठ्या खोक्यात सैल ठेवला होता. या वेळी ती चूक करायची नव्हती आणि खर्चही परवडणारा हवा होता.

सामान कुठून आणले?

टीव्हीच्या दुकानातून पाच थरांची जाड खोकी मिळाली, तीही फुकट. फळवाल्याकडून सफरचंदांच्या खोक्यांतले लगद्याचे ट्रे आणले. घरातल्या जुन्या गोधड्या होत्याच. विकत घेतली ती फक्त रुंद चिकटपट्टी.

जुन्या गादीचा फोम मात्र आधी बोटांत चोळून पाहावा. भुगा पडत असेल किंवा चिकट लागत असेल, तर तो वापरू नये. आंब्याच्या पेटीतला पेंढाही नको, कारण त्यात धूळ आणि ओल दोन्ही असतात.

आतली तयारी

जुन्या हार्डडिस्क हलवण्याआधी 'पार्क' कराव्या लागतात, म्हणजे आतले वाचक डोके माहितीच्या जागेवरून बाजूला नेऊन ठेवायचे. त्यासाठी छोटा प्रोग्रॅम असतो. आम्ही आधी हिशेबाची नक्कल फ्लॉपीवर घेतली, मग डिस्क पार्क करून यंत्र बंद केले.

मदरबोर्डवरची जुनी बॅटरी गळली, की तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. ती दुरुस्ती करणाऱ्या भाईंकडून काढून घेतली. त्याआधी हार्डडिस्कचा टाइप क्रमांक कागदावर उतरवला, कारण बॅटरी काढल्यावर यंत्र तो विसरते.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये एक निकामी फ्लॉपी घालून खटका बंद केला, म्हणजे आतली डोकी एकमेकांवर आपटत नाहीत. सुटी कार्डे चंदेरी अँटिस्टॅटिक पिशव्यांत ठेवली. अशा पिशव्या दुरुस्तीच्या दुकानात पडून असतात. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड ठेवू नये, स्थिर विजेने चिप खराब होऊ शकते.

वायरी थर्मोकोलला लागून ठेवू नयेत. काही महिन्यांत वायरीचे आवरण आणि थर्मोकोल एकमेकांना चिकटून विरघळल्यासारखे होतात. वायरी कापडी पिशवीत घालाव्यात.

मॉनिटर आणि खोके

काचेच्या मॉनिटरचे सगळे वजन पुढच्या बाजूला असते. म्हणून जाड गोधडीची घडी करून पडदा खाली येईल असा तो ठेवला. मागच्या निमुळत्या भागावर काहीही टेकू दिले नाही, तिथेच नळीची नाजूक मान असते. मॉनिटर उघडण्याच्या फंदात कुणी पडू नये, बंद असतानाही आत धोकादायक वीज साठलेली असू शकते.

पिवळे पडलेले जुने प्लास्टिक ठिसूळ होते. त्यावर चिकटपट्टी थेट लावू नये आणि वर्तमानपत्रही गुंडाळू नये, शाई उतरते. आधी स्वच्छ सुती कापड, मग बाकीचे. कीबोर्डच्या कळांवर भार येऊ नये म्हणून त्यावर पुठ्ठ्याचे झाकण केले.

प्रत्येक वस्तूला दोन खोकी लागतात. आतले खोके घट्ट भरायचे. बाहेरच्यात चोहोबाजूंनी चार बोटे जागा ठेवून ती ट्रे आणि कागदाच्या बोळ्यांनी ठासायची. मग खोके हलवून पाहायचे. आत काही सरकले, तर पुन्हा उघडायचे. आम्ही तीनदा उघडले. पावसाचे दिवस होते म्हणून वरून प्लास्टिकचा कागद लावला आणि आत चपलांच्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपांचा फोन आला. सगळे शाबूत पोहोचले होते. ओळखीच्या कारागिराने जोडणी करून कागदावरचा क्रमांक भरला आणि हिशेब उघडला. "उधारीचं शेवटचं पान अब्बांच्याच हातचं आहे," एवढे बोलून त्या थांबल्या. आम्हीही थोडा वेळ काही बोललो नाही.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर असे एखादे यंत्र असेल. भंगारात देण्याआधी त्यात कुणाचा हिशेब आहे, ते एकदा पाहा.