दारू, लज्जा आणि घरबसल्या उपचार

माणदेशांतील एखाद्या गांवीं दारू सोडूं पाहणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी अडचण लज्जेची असते. साताऱ्यास ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीची संस्था १९९१ सालीं सुरू झाली. परंतु दहिवडीहून वा म्हसवडहून आपण त्या कामासाठीं एस. टी. गांठली, कीं ती बातमी सायंकाळपर्यंत पारावर पोहोंचेल, हें भय त्याच्या मनांत असतें. म्हणून तो जात नाहीं, आणि पीत राहतो.

अशा माणसासाठीं गेल्या कांहीं वर्षांत एक नवी वाट निघाली आहे. इंटरनेटवरील कार्यक्रमाच्या साहाय्यानें त्यानें घरीं बसूनच स्वतःला तपासावें व आवरावें, ही ती वाट होय. तिची रीत साधी आहे. प्रथम जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची प्रश्नावली सोडवावयाची. आठ वा अधिक गुण पडले, तर पिणें धोक्याच्या पातळीवर गेलें असें समजावयाचें. मग रोजची नोंद ठेवावयाची. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्यें सुमारें साठ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे दहा ग्रॅमचीं सहा मापें पोटांत जातात, हें पुष्कळांना नोंद ठेवूं लागल्यावरच उमगतें. त्यानंतर कोणत्या वेळीं, कोणाच्या संगतीनें, कोणत्या दुःखानें हात पेल्याकडे वळतो, हें हुडकून त्या क्षणासाठीं दुसरा उद्योग आधींच योजून ठेवावयाचा.

याचा गुण किती येतो? नेदरलंड्समध्यें २६१ प्रौढांवर केलेला एक प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर कार्यक्रम वापरणाऱ्यांपैकीं शेंकडा १७ जण मर्यादेंत आले. केवळ माहितीपत्रक वाचणाऱ्यांपैकीं शेंकडा ५. यश थोडें खरें. पण तें मिळविण्यास कोणाच्या दारीं उभें राहावें लागलें नाहीं.

मात्र ज्याला सकाळीं हातांचा कंप थांबविण्यासाठीं घोट घ्यावा लागतो, त्याची ही वाट नव्हे. त्यानें दारू एकाएकीं तोडल्यास झटके येऊन वा भ्रम होऊन प्राणावर बेतूं शकतें. त्यानें डॉक्टरांकडेच जावें. बोलावयास कोणी हवें असेल, तर २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे.

आणि पुण्यामुंबईस राहणाऱ्या आप्तांना एक विनंति. सुटींत गांवीं गेलां असतां अशी नोंदवही हातीं लागली, तर ती चारचौघांत वाचूं नका. पहिल्या पावलाला एकांत लागतो. पुढच्या पावलांना तुमची सोबत लागेल.