भट्टीशेजारची चित्रशाळा

1938 च्या सप्टेंबरअखेरीस म्युनिकमध्ये चार देशांच्या प्रमुखांनी चेकोस्लोव्हाकियाचा सरहद्दीचा मुलूख हिटलरला देऊन टाकला. ज्यांचा मुलूख जात होता त्या चेक लोकांना बोलणीत बसूही दिले नव्हते. त्या मुलखात नोवी बोर नावाचे काचकामाचे गाव होते आणि तिथल्या काचशाळेत सतरा वर्षांचा स्टानिस्लाव्ह लिबेन्स्की शिकत होता. गाव जर्मनीत गेले आणि या चेक मुलाला शाळा बदलावी लागली. तो आला झेलेझनी ब्रोडला. यिझेरा नदीकाठचे हे छोटेसे गाव, आणि तिथली शाळाही जेमतेम अठरा वर्षांची. काचेला शिल्पकलेत मानाची जागा मिळवून देणाऱ्यांमध्ये ज्याचे नाव पुढे जगभर घेतले गेले, तो असा नाइलाजाने या शाळेत पोचला.

काच शिकवायला स्वतंत्र शाळा लागते, हे बोहेमियाने फार लवकर ओळखले होते. उत्तर बोहेमियात बीचची घनदाट जंगले होती. त्यांच्या लाकडावर भट्ट्या पेटत आणि त्याच लाकडाच्या राखेतून पोटॅश मिळे. गारगोटीच्या भुकटीत ते मिसळून होणारी काच व्हेनिसच्या सोडा-काचेपेक्षा कठीण असते. व्हेनिसची काच गरम असताना हवी तशी ओढता, वळवता येते. बोहेमियाची काच थंड झाल्यावर चाकावर पैलू पाडायला आणि कोरायला उत्तम. त्यामुळे तिथल्या कारागिराला नुसते फुंकनळीचे कसब पुरेसे नव्हते. कोरायचे तर आधी चित्र काढता आले पाहिजे. 1856 मध्ये कामेनित्स्की शेनोव गावात काचकामगारांच्या मुलांसाठी शाळा निघाली, ती रेखाटन शिकवण्यासाठी. आधी पेन्सिल, मग चाक, हा क्रम तिथे ठरला. माझ्या मते या साऱ्या परंपरेचे मर्म त्या एका निर्णयात आहे. नोवी बोरची शाळा त्यानंतर काही वर्षांनी आली.

या दोन्ही शाळा जर्मनभाषक पट्ट्यात होत्या. 1918 मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला तेव्हा चेक कारागिराच्या मुलाला आपल्या भाषेत हे शिक्षण देणारी शाळा नव्हती. ती 1920 मध्ये झेलेझनी ब्रोडला निघाली. आसपासच्या घराघरांत मणी बनत, ज्योतीवर काचेच्या कांड्या वितळवून बारीकसारीक वस्तू घडत. हात तयार होते. शाळेची धुरा पुढे आलोईस मेतेलाक या वास्तुकाराकडे आली. तो प्रागमध्ये प्लेचनिकसारख्या थोर वास्तुकाराच्या हाताखाली शिकलेला. शिल्पकार यारोस्लाव्ह ब्रिख्ता शिक्षक म्हणून आले. त्यांनी गावातल्या मणीकामाकडे पाहिले आणि त्याच ज्योतीवर, त्याच कांड्यांतून बोटभर उंचीच्या आकृत्या घडवायला सुरुवात केली: नाचणारे, खेळणारे, कीटक, प्राणी. गावाला एक नवा धंदा मिळाला. 1925 च्या पॅरिसच्या प्रसिद्ध सजावटकला प्रदर्शनात पाच वर्षांच्या या शाळेचे काम मांडले गेले आणि त्याला बक्षिसे मिळाली.

या शाळांच्या गौरवकथेतून एक पान मात्र गाळता येणार नाही. 1945 नंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनभाषकांना घालवून देण्यात आले. त्यांत पिढीजात काचकारागीर होते. याब्लोनेत्स या काचकामाच्या गावातल्या अनेक कुटुंबांनी बव्हेरियातल्या काउफबॉयरनजवळ जाऊन नवी वसाहत केली आणि आपला धंदा तिथे पुन्हा उभा केला. इकडे भट्ट्या आणि शाळा ओस पडल्या. त्या रिकाम्या वर्गांवर प्रागहून तरुण चित्रकार पाठवले गेले. लिबेन्स्की नोवी बोरला गेले, रेने रोउबीचेक कामेनित्स्की शेनोवला. या अन्यायातून मोकळ्या झालेल्या जागेवर नवी काचकला वाढली, हे सत्य आहे आणि ते बोचणारे आहे.

1948 मध्ये कम्युनिस्ट राजवट आली. चित्रात आणि पुतळ्यात काय दिसावे हे पक्ष ठरवू लागला. काचेकडे मात्र कारागिरी म्हणून पाहिले जाई. फुलदाणीवरच्या अमूर्त रेषेत कुणाला राजकारण दिसत नव्हते. शिवाय काच निर्यात होई आणि परकी चलन आणी. ज्यांना कॅनव्हासवर मोकळे होता येत नव्हते, ते काचेत मोकळे झाले.

1950 च्या दशकात लिबेन्स्की झेलेझनी ब्रोडच्या शाळेचे प्रमुख म्हणून परतले. गावातल्या काचकारखान्यात वास्तुकामासाठीच्या काचेचा विभाग यारोस्लावा ब्रिख्तोवा चालवत होत्या. त्या शिल्पकार ब्रिख्तांच्याच कन्या, स्वतःही शिल्पकार. लिबेन्स्कींनी काढलेले मानवी चेहऱ्याचे एक चित्र त्यांना आवडले आणि ते काचेत उतरवू का, असे त्यांनी विचारले. तिथून सुरू झालेली जोडी पुढे संसारातही एकत्र आली आणि 2002 मध्ये लिबेन्स्की जाईपर्यंत टिकली.

त्यांची पद्धत सांगितली पाहिजे. लिबेन्स्की कागदावर चित्र काढत. त्यावरून ब्रिख्तोवा मातीत आकार घडवत. मातीवरून प्लास्टर, आणि शेवटी भट्टीची आच सोसणारा साचा. साच्यात रंगीत काचेचे तुकडे भरून भट्टी साधारण साडेआठशे ते नऊशे अंश सेल्सियसपर्यंत न्यायची. काच पाघळते आणि हळूहळू साच्याचा कोपरान्‌कोपरा व्यापते. कस लागतो तो यापुढे, थंड करताना. जाड काचेचा बाहेरचा थर गाभ्याआधी आकसला तर आत ताण राहतो आणि महिनोन्‌महिन्यांचे काम एका रात्रीत तडकते. म्हणून आच कणाकणाने उतरवायची. मोठ्या शिल्पाला त्यातच काही आठवडे, कधी महिने जातात. मग साचा फोडून घासायचे, चकाकी आणायची.

एवढे सोसून हाती येते ते दगडात किंवा ब्राँझमध्ये मिळत नाही. काच जिथे जाड तिथे तिचा रंग गडद, जिथे पातळ तिथे फिका. एकाच रंगाच्या काचेत नुसती जाडी बदलून छायाप्रकाश रंगवता येतो. मागच्या बाजूने खोलगट घडवलेला चेहरा समोरून पाहिला तर उठावाचा भासतो. शिल्पाला आतली बाजू असते, आणि ती दिसते.

1958 च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात या जोडीने गुहाचित्रांवरून सुचलेल्या पशूंच्या आकृती काचेच्या ठोकळ्यांत बसवल्या. 1967 मध्ये माँट्रियलच्या अशाच प्रदर्शनात त्यांची भव्य शिल्पे होती. 1970 मध्ये ओसाकाला ‘जीवननदी’ हे लांबच लांब शिल्प गेले. दोनच वर्षांपूर्वी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. या काचेच्या नदीच्या गोठलेल्या पृष्ठावर सैनिकी बुटांचे ठसे होते. सरकारला ते ओळखू आले आणि ठसे काढून टाकावे लागले. काचेला लाभलेल्या मोकळीकीची सीमा तिथे होती.

अमेरिकेचा काचकलावंत डेल चिहुली 1969 मध्ये या दोघांना भेटून गेला. 1971 मध्ये त्याने सिएटलच्या उत्तरेला जंगलात पिल्चक काचशाळा सुरू केली आणि 1982 मध्ये हे दोघे तिथे शिकवायला गेले.

याब्लोनेत्स झेलेझनी ब्रोडपासून जवळच आहे, आणि तिथून आपल्याकडे एक धागा येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या भागात बनलेल्या काचेच्या बांगड्या जहाजे भरभरून हिंदुस्थानात येत. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी बांगडीवर बहिष्काराची हाक उठली ती या मालावर. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्यामागे आपले बळ लावले, आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो चालवायला आले. तो कारखाना म्हणजेच शाळा होती. तिथे तयार झालेले हात देशभरच्या भट्ट्यांवर पोचले. 1916 मध्ये औंध संस्थानात ओगलेवाडीचा कारखाना निघाला आणि पुढे तिथला प्रभाकर कंदील घरोघर गेला.

तळेगावला लोकांच्या पैशातून झालेले काम झेलेझनी ब्रोडच्या शाळेहून बारा वर्षे आधीचे आहे, आणि त्याबद्दलचा अभिमान मी लपवणार नाही. फरक उद्दिष्टात होता. तळेगावला आयात थांबवायची होती. चिमणी, बरणी, बांगडी इथेच व्हावी हा ध्यास होता आणि त्या काळी तो रास्तच होता. झेलेझनी ब्रोडने धंदा शिकवतानाच मुलाच्या हातात पेन्सिलही दिली, वास्तुकार आणि शिल्पकार शिक्षक म्हणून नेमले, आणि शाळा व कारखाना यांचे दार एकमेकांत उघडे ठेवले. ती शाळा आजही चालू आहे. कोरीवकाम, पैलूकाम, काचेवरचे रंगकाम, साच्यातली काच, दागिने हे सारे तिथे शालेय वयाची मुले चार वर्षांत शिकतात.

आपल्या बांगड्या आता फिरोजाबादहून येतात आणि तिथल्या भट्टीवरचे हात जगात कुणाला हार जाणारे नाहीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत मातीकाम आणि धातुकाम यांचे विभाग कितीतरी वर्षांपासून आहेत. त्यांच्या शेजारी काचेची एक भट्टी उभी करा, फिरोजाबादच्या कारागिराला शिक्षकाच्या मानाने आणि पगाराने बोलवा, आणि चित्रकलेच्या मुलांना त्याच्या हाताखाली उभे करा. कलाशिक्षण ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे ही मागणी आहे, आणि वाचकांनी ती आपली म्हणून पुढे न्यावी.