एकशे दहा मायक्रॉन

बुऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन जुन्या शहरात नाही, लालबागेत आहे. इथे उतरणारा पाहुणा बहुधा कुंडी भंडारा पाहायला येतो. 1615च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी नुसत्या उतारावर शहराला पुरवण्यासाठी खोदलेली ही भुयारं. संपादकांनी मलाही त्यासाठीच धाडलं होतं. मन अडकलं ते मात्र लालबागेतल्याच एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, मुठीत मावणाऱ्या एका गेजपाशी.

पोलादावर चढवलेल्या थराची जाडी हे गेज तो न खरवडता सांगतं. 1930च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये अॅबनर ब्रेनर यांनी चुंबक सुटायला किती जोर लागतो त्यावरून मुलाम्याची जाडी काढली होती. आजच्या गेजमध्ये ओढाताण नाही. प्रोबच्या टोकात लोखंडी गाभा आणि त्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. एकातून कमी वारंवारतेचा उलटसुलट प्रवाह सोडतात. टोक पोलादाला भिडलं की चुंबकीय क्षेत्राला सोपी वाट मिळते आणि दुसऱ्या वेटोळ्यातला विद्युतदाब वाढतो. मध्ये रंग आला की तो दाब घटतो. किती घटला, त्यावरून जाडी. पण हे नातं सरळ रेषेत नाही. थर पातळ असताना एका मायक्रॉननेही दाब ठळक बदलतो, थर जाड झाला की तोच मायक्रॉन जेमतेम जाणवतो. म्हणून काम सुरू करण्याआधी उघड्या पोलादावर शून्य लावायचं आणि ठाऊक जाडीची पट्टी ठेवून आकडा जुळवायचा. या इवल्याशा टोकाची मला मनापासून भुरळ पडली.

लालबागेसमोरून जाणारी लाईन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाची. मध्य रेल्वेच्याच मनमाडच्या कारखान्यात पुलांचे गर्डर बनतात. गर्डरचं पोलाद गंजू नये म्हणून आधी ग्रिट ब्लास्टिंग आणि मग वितळलेल्या अॅल्युमिनियमची फवारणी, ही रेल्वेच्या मानकातली पद्धत. थर 150 मायक्रॉनचा धरलेला आहे, आणि कुठेही 110च्या खाली चालत नाही; तो तपासायला असंच गेज लागतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, त्यावरून हा थर किती पातळ आहे ते कळावं. फवारणीवर एच (etch) प्रायमर, झिंक क्रोम प्रायमर आणि अॅल्युमिनियम पेंट.

अडचण इथून सुरू होते. गेजला अॅल्युमिनियम आणि रंग वेगळे ओळखता येत नाहीत. चुंबकाला न जुमानणारं जे जे पोलादावर बसलं आहे, ते सगळं त्याच्या लेखी एकच थर. फवारणी 80 मायक्रॉनची झाली आणि वर रंग भरपूर चढला, तर पडद्यावर भलामोठा, देखणा आकडा उमटतो. खरी मोजणी पहिल्या प्रायमरआधीच व्हायला हवी. ती वेळ टळली की थर कापून पाहिल्याशिवाय चूक सापडत नाही.

दुसरी अडचण ब्लास्टिंगची. त्याने पृष्ठभाग खडबडीत होतो, शिखरं आणि दऱ्या तयार होतात. गुळगुळीत पत्र्यावर शून्य लावून असा पृष्ठभाग मोजला, तर दऱ्यांची खोलीही काही अंशी जाडीत धरली जाते.

तिसरी मला सर्वांत चिंतेची वाटते. शेडमध्ये प्रोब मी एका पोलादी पट्टीच्या काठाकडे नेला तेव्हा तिथल्या कारागिराने हात आवरायला सांगितलं. काठाशी टोकाखाली पुरेसं पोलादच नसतं, क्षेत्र बाहेर सांडतं आणि गेज जाडी वाढवून सांगतं. रिव्हेटच्या फुगीर माथ्यावरही तेच. ओला रंग कडेवरून ओसरतो, त्यामुळे गंज बहुधा तिथूनच शिरतो. म्हणजे थर जिथे सगळ्यांत पातळ, तिथेच यंत्र खोटा दिलासा देतं. म्हणून तपासणारा सपाट मधला भाग मोजतो, त्याची सरासरी तक्त्यात जाते, आणि कडा नोंदीबाहेर राहतात. सरासरी 150 आली म्हणून 110च्या खालची जागा भरून निघत नाही.

यावर उपाय आहेत. कडांसाठी बारीक टोकाचा प्रोब मिळतो. तशाच आकाराच्या उघड्या तुकड्यावर शून्य लावता येतं. त्याला वेळ लागतो, आणि ठेकेदाराच्या कामात नेमका वेळच कापला जातो. गर्डर ताब्यात घेणाऱ्या अभियंत्यांना माझी विनंती आहे: रंगाआधीच्या मोजणीचा आणि कडांच्या मोजणीचा स्वतंत्र रकाना मागा, आणि तो कोरा असेल तर सही करू नका.